मामा विमानात नेमकं काय करायचे?

तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

यावेळी विमानाच्या नोकरीवरची पत्रं बरीच आलीत, सगळी छापणं काही जमणार नाही म्हणून तीन घेतलीत. उत्तरं देणारा मी विमान कंपनीच्या ट्रॅफिक खात्यातून (म्हणजे प्रवासी, तिकिटं आणि सामान बघणारं खातं) रिटायर झालेला माणूस आहे, पायलट नाही, हे आधीच सांगून ठेवतो कारण दरवेळी कोणीतरी विमान ढगात कसं वळवतात ते विचारतंच.

प्रश्न : काका नमस्कार. माझे मोठे मामा मागच्या वर्षी वारले. औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावरून एअर इंडियातून रिटायर झाले एवढंच आम्हा भाच्यांना माहिती. वर्षश्राद्धाला छोटी स्मरणिका काढायची ठरलंय आणि त्यांच्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांचं लिहायचं काम माझ्याकडे आलंय. आईला विचारलं तर म्हणते, "त्यो वायुदूतमधी होता, तिकडं आसामात, इमानात काम करायचा", बस, पुढं काही नाही. मामांच्या पत्र्याच्या ट्रंकेत सामानाला लावायच्या काही पट्ट्या निघाल्या, त्यावर आयएक्सआय असा कोड आहे. भाऊ म्हणतो औरंगाबादचा कोड आयएक्सयू आहे म्हणजे ही छपाईतली चूक असणार. शिवाय तिरप्या रेघांचे आलेख असलेले कार्बनचे जुने कागद आहेत, खाली मामांची सही. आणि तीन वेगवेगळ्या कंपन्यांची ओळखपत्रं निघाली, म्हणजे मामांनी तीनदा नोकरी बदलली का? ही वायुदूत म्हणजे होती तरी काय? मामा तिथं क्लार्क होते असं लिहिलं तर चालेल का?
— एक भाची, गंगाखेड

उत्तर : ताई, शेवटचं आधी घेतो. क्लार्क लिहू नका. कागदावर त्यांचं पद बहुतेक ट्रॅफिक असिस्टंट असं असेल, आणि छोट्या स्टेशनवरचा ट्रॅफिक असिस्टंट म्हणजे काय चीज असते ते खाली सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

पट्टीवर चूक वगैरे काही नाही. आयएक्सआय म्हणजे लीलाबारी, आसामात नॉर्थ लखीमपूर गावाजवळचं विमानतळ. आपल्या देशातल्या बऱ्याच छोट्या विमानतळांचे कोड आयएक्सने सुरू होतात, आगरतळा आयएक्सए, कैलाशहर आयएक्सएच, पासीघाट आयएक्सटी, आणि आपलं औरंगाबाद आयएक्सयू, शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर झालं तरी कोड तोच राहिलाय. (नांदेडला मात्र एनडीसी मिळालं आणि लातूरला एलटीयू.) शेवटचं एक अक्षर चुकलं तर बॅग दोन हजार किलोमीटर लांब जाऊन पडायची, त्यामुळे हे कोड आमच्या पिढीला झोपेतून उठवून विचारले तरी येतात. आता तुम्ही एक करा, त्या पट्ट्या नीट बघा. पट्टीवर बॅग जिथं जाणार त्या गावाचा कोड असतो, निघाली त्या गावाचा नाही. पट्टी कोरी असेल, दोरा ओवलेला नसेल, तर मामा लीलाबारीला बॅगा पाठवणाऱ्या एखाद्या स्टेशनवर होते, म्हणजे गुवाहाटी किंवा कलकत्ता असं काहीतरी. आणि वापरलेली, तोडलेली, दोऱ्याचा तुकडा लोंबत असलेली असेल तर ती उतरलेल्या बॅगेची पट्टी आहे, म्हणजे मामा खुद्द लीलाबारीला होते असं धरून चालायला हरकत नाही.

वायुदूत ही सरकारी कंपनी, इंडियन एअरलाइन्स आणि एअर इंडिया यांनी मिळून काढलेली, १९८१ च्या जानेवारीत सुरू झाली. ईशान्येकडे डोंगर आणि नद्यांमुळे रस्त्याने दोन-दोन दिवस जायचे आणि मोठी विमानं तिथल्या आखूड धावपट्ट्यांवर उतरत नव्हती, म्हणून ही वेगळी कंपनी काढली. पहिल्यांदा जुनी फोकर फ्रेंडशिप आणि अवरो विमानं होती, मग ८० च्या दशकात डॉर्नियर २२८ आली, १९ सीटांची, कानपूरला एचएएल म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्स या सरकारी कारखान्यात बनणारी. पुढे कंपनी देशभर पसरली, जरा जास्तच पसरली असं माझं मत, दर खासदाराला आपल्या गावी विमान पाहिजे आणि विमानात तर चार माणसं, मग तोटा होणारच ना.

डॉर्नियरबद्दल थोडं सांगतो म्हणजे मामांचं काम कळेल. मधे चालायला अरुंद वाट आणि दोन्ही बाजूंना एकेक सीट, त्यामुळे प्रत्येकाला खिडकी, ही त्या विमानाची चैन. बाकी टॉयलेट नाही, हवाई सुंदरी नाही, आणि केबिनमधे हवेचा दाब राखायची सोय नाही म्हणून फार उंच जाता येत नाही, मोठी विमानं ढगांच्या वरून जातात तसं याला जमत नाही, ढग आला की बाजूने जा नाहीतर परत फिरा. कान दुखू नयेत म्हणून लोकांना गोळ्या आणि कापूस द्यायचा, तो वाटायचं काम पण आमचंच.

आता ते तिरप्या रेघांचे कागद. त्यांना ट्रिम शीट म्हणतात, आणि ताई, त्या ट्रंकेतली सगळ्यात मोलाची वस्तू तीच आहे, ओळखपत्रं नाहीत. मोठ्या विमानात माणसाचं सरासरी वजन धरतात, मोठ्या माणसाला ७५ किलो, झालं. १९ सीटांच्या विमानात तसं भागत नाही, तिथं माणसं खरोखर काट्यावर उभी करायची. किराणा दुकानात पोती मोजायचा असतो ना तसलाच प्लॅटफॉर्म काटा, त्यावर आधी बॅग मग माणूस, आणि लोक काय काय करायचे म्हणून सांगू, कोणी वजन कमी भरावं म्हणून हातातली पिशवी बायकोकडे द्यायचं, मग ती काट्यावर चढायची वेळ आली की पिशवी परत याच्याकडे, कोणी पुढारी असेल तर काट्यावर चढणं म्हणजे अपमान वाटायचा, "माझं वजन लिहून घ्या ना, सत्तर", आणि माणूस बघितला तर शंभराच्या खाली नक्की नाही. तिथं हसून, हात जोडून, पण चढवायचाच काट्यावर. मग ही सगळी वजनं, इंधनाचं वजन (टाकीत टाकतात लिटरमधे पण हिशोब किलोत, विमानाचं रॉकेल लिटरला साधारण ८०० ग्रॅम भरतं), नाकातल्या डिकीतलं आणि शेपटीकडच्या डिकीतलं सामान, हे सगळं त्या कागदावर मांडायचं. वरच्या ओळीपासून पेन्सिल सुरू करायची, पुढच्या सीटांवर एवढे लोक म्हणजे इतके घर डावीकडे, मागे एवढे म्हणजे इतके घर उजवीकडे, असं पायऱ्या उतरल्यासारखं खाली खाली यायचं आणि शेवटी पेन्सिल खालच्या चौकटीच्या आत पडली पाहिजे. आत पडली तर विमानाचा तोल बरोबर. बाहेर पडली तर मागचे दोन जण उठवून पुढे बसवा, नाहीतर मागच्या डिकीतल्या दोन बॅगा काढून नाकात टाका, आणि परत पहिल्यापासून मांडा. खाली सही करायची, वरची प्रत कॅप्टनच्या हातात, कार्बनची स्टेशनवर. हे सगळं विमान उभं असतानाच्या थोड्या वेळात, बाहेर पाऊस, आत लोक ओरडायलेत की उशीर काहून व्हायला. त्या सहीचा अर्थ असा की या विमानाचं वजन आणि तोल मी बघितलाय, उद्या काही झालं तर चौकशीत पहिला हा कागद मागतात. विशी-बाविशीतल्या पोराची सही बरं का ती. म्हणून म्हणलं क्लार्क लिहू नका.

आणि हे एकच काम नव्हतं. सकाळी सगळ्यात आधी जाऊन ऑफिस उघडायचं, टॉवरला फोन करून हवामान घ्यायचं, पलीकडच्या स्टेशनला कळवायचं की इथं धुकं आहे, निघू नका. तिकीट हाताने लिहायचं, लाल कार्बनचं, एक अक्षर खोडलं तर तिकीट रद्द. विमान उतरायच्या आधी धावपट्टीवर गाई-कुत्री नाहीत ना ते बघायला जीप जायची, ते काम खरं म्हणजे विमानतळवाल्यांचं, पण कधी त्यांचा माणूस नसला की आम्हीच जायचो. सामान ओढायला लोडर एखादाच, तो आला नाही की ट्रॅफिक असिस्टंटच बॅगा ओढणार. पेपरचे गठ्ठे, औषधांची खोकी, कोंबडीची एक दिवसाची पिल्लं, सगळं त्या विमानातून यायचं. पिल्लांच्या खोक्यांचा चिवचिवाट अख्ख्या टर्मिनलमधे, आता टर्मिनल म्हणजे काय तर पत्र्याखालचे दोन हॉल.

तिकडचं हवामान आपल्या माणसाला समजायलाच एक पावसाळा जातो. आसामात डिसेंबरात साडेचारला अंधार होतो. आपल्याकडे त्या वेळेला पोरं शाळेतून यायलेली असतात. छोट्या विमानतळांवर रात्री उतरायचे दिवे नव्हते, त्यामुळे एका जागी विमानाला उशीर झाला की पुढची सगळी स्टेशनं कोलमडायची, आणि आज विमान येत नाही हे सांगायला काउंटरवर एकटा ट्रॅफिक असिस्टंट. लोकांचा राग बरोबरच असायचा म्हणा, कोणाच्या घरी मयत, कोणाची परीक्षा. शिव्या आसामीत, बंगालीत, हिंदीत, आणि हा परभणीकडचा मुलगा ज्याला घरी मराठी आणि थोडी दखनी हिंदी येती. मामा भाषा चांगल्या बोलायचे का हो? बोलत असतील तर तिथंच शिकले असणार.

आणि जायचं कसं, तर आपल्याकडून तेव्हा छोटी लाइन, मीटर गेज, तीने मनमाड, मनमाडहून हावड्याची गाडी, तिथून पुढे गुवाहाटी, आणि मग परत छोटी लाइन. स्टाफला विमानाचा पास असतो हे खरं, पण सीट रिकामी राहिली तर, आणि दिवाळीला ती राहत नाही.

सगळं गोड गोड लिहू नका, ती वर्षं भीतीचीही होती. १९ ऑक्टोबर १९८८ ला अहमदाबादला इंडियन एअरलाइन्सचं विमान पडलं आणि त्याच दिवशी गुवाहाटीजवळ वायुदूतचं फोकर पडलं, त्यात ३४ जण होते, कोणीच वाचलं नाही. पुढच्या वर्षी सप्टेंबरात वायुदूतचं डॉर्नियर पुण्याहून हैदराबादला जाताना इंदापूरजवळ उजनीच्या पाण्यात पडलं. मामा त्या काळात तिकडे असतील तर घरच्यांनी गल्लीतल्या एकाच फोनवर किती चकरा मारल्या असतील ते आईला विचारा, हे त्यांना नक्की आठवत असेल.

तीन ओळखपत्रांचं सोपं आहे. नोकरी एकच, पाट्या तीन. वायुदूत १९९३ मधे इंडियन एअरलाइन्समधे विलीन करायचं ठरलं आणि माणसं तिकडे घेतली गेली, मग २००७ ला इंडियन एअरलाइन्स आणि एअर इंडिया एक झाले. (२०२२ ला टाटांकडे गेली, पण तोपर्यंत मामा रिटायर झाले असतील.) यात एक गोष्ट बाहेर कोणाला कळत नाही, विलीनीकरणात पगार चालू राहतो पण सिनियॉरिटीचा घोळ होतो, कोण कोणाच्या वर यावर वर्षानुवर्षं भांडणं चालतात. मामा कधी या विषयावर गप्प गप्प असायचे का? असतील तर कारण हे असू शकतं, पण स्मरणिकेत अंदाजाने लिहू नका.

१९९३ वरून आठवलं, तुमच्या घरात कोणीतरी विचारणारच. २६ एप्रिल १९९३ ला चिकलठाण्याहून मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोईंग ७३७ धावपट्टीच्या टोकाला बीड रोडवर कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला लागलं, ११८ पैकी ५५ माणसं गेली. चौकशीत वैमानिकांनी विमान उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचललं हे एक कारण निघालं, आणि विमानाच्या वेळेला रस्त्यावरची वाहतूक अडवली नव्हती हे दुसरं. आपल्याकडे अजून लोक सगळा दोष ट्रकवाल्याला देतात, ते काही बरोबर नाही.

माहिती कुठून काढायची म्हणाल तर आजीच्या नाहीतर आईच्या पेटीत मामांची आंतर्देशीय पत्रं असतील, त्यावरचा पोस्टाचा शिक्का वाचा, गाव आणि तारीख दोन्ही मिळतील, मनीऑर्डरच्या पावत्यांवर सुद्धा. ट्रिम शीटवर फ्लाइट नंबर, तारीख आणि स्टेशनचा कोड असतो. एवढ्यावरून तुमचं पान भरेल. आणि त्यातली एक शीट अख्खी छापा, सहीसकट. लॅमिनेशन करू नका, जुना कागद खराब होतो, मोबाइलने उजेडात फोटो काढून ठेवा.

प्रश्न : निजामाच्या काळात आपल्या भागाची स्वतःची विमान कंपनी होती असं वडील सांगत, आम्ही ते हसण्यावारी नेत असू. यात तथ्य किती?
— एक निवृत्त शिक्षक, जालना

उत्तर : गुरुजी, वडील खरं सांगत होते. डेक्कन एअरवेज, १९४५ ची, निजाम सरकार आणि टाटा यांनी मिळून काढलेली, मुक्काम हैदराबादचं बेगमपेठ विमानतळ. डाकोटा विमानं होती. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात, त्यामुळे कागदोपत्री ती आपलीच कंपनी म्हणायची, आता त्यात आपल्या गावचं कोण बसलं असेल हे सोडा. संस्थान सप्टेंबर १९४८ ला गेलं पण कंपनी पुढे चालू राहिली, आणि १ ऑगस्ट १९५३ ला देशातल्या इतर खाजगी कंपन्यांबरोबर सरकारी इंडियन एअरलाइन्समधे गेली. म्हणजे वरच्या पत्रातल्या मामांनी जी पाटी बदललेली बघितली तीच पाटी चाळीस वर्षं आधी डेक्कन एअरवेजच्या लोकांनी बघितली होती, गोष्ट तीच.

प्रश्न : सर मी बी.कॉम. आहे, वय २२. ग्राउंड स्टाफचा कोर्स केलाय. एका छोट्या रीजनल एअरलाइनकडून बोलावणं आलंय, पगार कमी आहे. दुसरीकडे पुण्यात कॉल सेंटरला जास्त पैसे आहेत. पप्पा म्हणतात छोट्या विमान कंपन्या बंद पडतात, नांदेडला बघ काय झालं. काय करू?
— एक वाचक, लातूर

उत्तर : पप्पा कंपन्यांबद्दल शंभर टक्के बरोबर बोलायलेत. २००८ ला शिखांच्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या निमित्ताने नांदेडचं विमानतळ नवं झालं, किंगफिशरची एटीआर ही पंख्यांची छोटी विमानं नांदेडला आणि तुमच्या लातूरला यायला लागली, मग बंद. २७ एप्रिल २०१७ ला उडान या छोट्या गावांना स्वस्तात विमानाने जोडायच्या सरकारी योजनेत ट्रूजेटचं नांदेड-हैदराबाद सुरू झालं, पंतप्रधानांनी सिमल्याहून हिरवा झेंडा दाखवला, आणि २०२२ ला ट्रूजेट पण बंद. २०२४ ला नांदेडला स्टार एअर आली. असं का होतं तर उडानमधे साधारण तासाभराच्या प्रवासाला अर्ध्या सीटांचं भाडं अडीच हजारात बांधून दिलेलं होतं, आणि त्यातून पडणारा खड्डा सरकार भरणार, पण तीनच वर्षं. चौथ्या वर्षी विमान आपल्या पायावर उभं राहायला पाहिजे आणि आपल्या भागात रोज विमान भरेल एवढे पैसेवाले प्रवासी नाहीत, रात्रीची ट्रॅव्हल्स त्यापेक्षा बऱ्याच कमी पैशात मुंबईला सोडत असेल तर माणूस हजार वेळा विचार करतो. त्यात विमान भाड्याचं, हप्ता डॉलरमधे.

पण पप्पा तुझ्या कामाबद्दल चुकतायत. मोठ्या एअरलाइनमधे गेलास तर दोन वर्षं एकाच काउंटरवर बोर्डिंग पास काढत बसशील, शेजारच्या माणसाचं काम काय हे पण कळणार नाही. छोट्या स्टेशनवर चेक-इन तूच, गेट तूच, हरवलेल्या बॅगेचा कागद तूच भरणार, आणि एटीआरला मागून माणसं चढतात म्हणून शेपटीखाली टेकू लावलाय का ते बघायचं काम पण तुझ्यावर येईल. लोड अँड ट्रिम, म्हणजे वर सांगितलेला वजन आणि तोलाचा हिशोब, शिकायला मिळालं तर सोडू नकोस, आता ते कॉम्प्युटरवर होतं पण परीक्षा देऊन पास व्हावं लागतं आणि तो कागद असला की कंपनी बंद पडली तरी दुसरा दार उघडून घेतो. वायुदूतची माणसं पुढे मोठ्या विमानतळांवर ड्युटी मॅनेजर झालेली मी बघितलीत, कारण गोंधळ झाला की त्यांना काय करायचं ते माहिती असायचं.

पैशाचं मात्र आधीच स्पष्ट बोल. पहाटेच्या शिफ्टला घरून न्यायला गाडी आहे का, नसेल तर भत्ता किती, बदली कुठे करू शकतात, ट्रेनिंगच्या काळात पगार मिळतो का, आणि मधेच सोडलं तर बाँडचे पैसे भरावे लागतात का. घरी एकटाच कमावता असशील आणि डोक्यावर कर्ज असेल तर पुण्याला जा, यात लाजायचं काही नाही, वर्षभराने परत अर्ज करता येतो.

आणि बोलावणं कोणाकडून आलंय ते नीट तपास. विमानतळावर नोकरी लावतो म्हणून युनिफॉर्मचे, मेडिकलचे, डिपॉझिटचे पैसे मागणारे लोक आपल्याकडे गावोगाव फिरायलेत. खरी एअरलाइन नोकरी द्यायला पैसे घेत नाही. कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर ती जागा निघालीय का बघ, ईमेल कोणत्या पत्त्यावरून आलाय बघ, आणि कोणी फोनवर क्यूआर कोड पाठवला तर ते पप्पांना दाखव, तिथं मात्र त्यांचं ऐक.